अर्ध्या तासात घरी गाडी रंगवा? या मजकुरावर विसंबू नका

‘गॅरेजवाला एका पॅनेलचे हजारो रुपये घेतो, तेच काम तीनशे रुपयांत, घरीच, अर्ध्या तासात करा.’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतो. सोबत कृती असते: ओरखड्यावर टूथपेस्ट चोळा, गंजलेल्या जागी लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरा, पॉलिश पेपर मारा, त्याच नंबरचा रंग फवारा, तोंडाला रुमाल बांधा. घरी काम करण्याला माझा विरोध नाही. डेंटिंग-पेंटिंगचं मेहनतीचं काम घरी उत्तम होतं. पण ही कृती जवळजवळ प्रत्येक पायरीवर चुकते, आणि रुमालाचा सल्ला तर जिवाशी खेळणारा आहे.

टूथपेस्टने ओरखडा जातो? टूथपेस्टमधली बारीक पूड वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा झिजवते, म्हणून अगदी उथळ रेघ अंधूक होते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यात क्लिअर ४०-५०, म्हणजे झिजवायला फार काही नसतं. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो घासून जाणार नाही. अडकलं नाही तर रबिंग कंपाउंड वापरा, ते याच कामासाठी बनवलेलं असतं.

गंजावर लांबी भरली की झालं? या एका सल्ल्याने बरेच पत्रे सडतात. पॉलिएस्टर लांबी ओलावा शोषते. खाली गंज जिवंत असेल तर तो लांबीच्या आड पसरत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात रंग फुगून वर येतो. मुंबईत किंवा कोकणात, खाऱ्या हवेत, त्याहून लवकर. आधी वायर ब्रश किंवा ग्राइंडरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज काढायचा. पत्र्याला भोक पडलं असेल तर लांबी नव्हे, वेल्डिंग. मग पत्र्याला धरून बसणारा इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर) आणि त्यावर लांबी, तीही दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच. पोचा खोल असेल तर आधी पत्रा ठोकून किंवा ओढून वर आणायचा. लांबी कडक करायला मिसळायचा हार्डनर तिच्या वजनाच्या साधारण २ टक्के. ‘लवकर सुकेल’ म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग नंतर रंगातून वर येतो. उघड्या लांबीवर पाणी मारून वॉटर पेपर घासण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे, तीही मला मान्य नाही. ओलावा शोषणाऱ्या थराला आपणच पाणी का पाजायचं? लांबी कोरडी घासावी, धूळ रोखणारा मास्क लावून.

पॉलिश पेपर मारला की तयारी संपली? कुठला पेपर, कशाने धरून, कशानंतर, हे मजकुरात नसतंच. घासण्याआधी पृष्ठभाग डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसावा. नाहीतर डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन पेपरच्या रेघांत दाबलं जातं आणि रंग मारताना त्या जागी गोल खड्डे पडतात. लांबीला ८०, मग १८०, मग ३२० नंबरचा पेपर (नंबर वाढेल तसा पेपर बारीक). पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळा, कारण नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या सऱ्या पडतात. त्या ओल्या रंगात दिसत नाहीत, उन्हात गाडी उभी केली की दिसतात. मग लांबीवर मारलेल्या सरफेसर प्रायमरवर (बारीक रेघा भरणाऱ्या अस्तरावर) काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून ब्लॉकने घासा. काळं जिथे उरेल तिथे खळगा आहे, जिथे आधी प्रायमर निघेल तिथे उंचवटा. शेवटी ६०० नंबर. यात एक दिवस सहज जातो, आणि तो जायलाच हवा.

कलर कोड जुळला की रंग जुळतो? सिल्व्हर आणि मेटॅलिकमध्ये रंग फवारायच्या गनचा दाब आणि अंतर बदललं तरी छटा बदलते, शिवाय जुना रंग उन्हाने उतरलेला असतो. म्हणून चाचणीचा तुकडा रंगवून गाडीशेजारी धरतात आणि बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) शेजारच्या भागात विरळ नेतात.

आणि फवारायचं कशाने? टायरमध्ये हवा भरायच्या पंपावर गन चालत नाही. दाब असतो, पण गनला लागते तेवढी हवा तो देत नाही.

आता रुमाल. हार्डनर घालायच्या, म्हणजे दोन भाग मिसळून बनणाऱ्या टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांनी दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अत्यल्प मात्रेनेही झटका येऊ शकतो. रुमाल आणि धुळीचा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहेत. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मुलं खेळतात तिथे, हा फवारा मारूच नये. हार्डनर नसलेल्या साध्या स्प्रेच्या डब्यात आयसोसायनेट नसतं, पण थिनरची वाफ असतेच, आणि तो रंग पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. दमट हवेत मारला तर त्यावर दुधाळ झाक येते.

घरी गंज काढा, लांबी भरा, ब्लॉकने सपाट करा, प्रायमर ६०० पर्यंत घासा. बेस आणि क्लिअर मात्र बूथ (रंग फवारायची बंदिस्त खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्या, आणि खाली कुठला प्रायमर आहे ते त्याला आधीच सांगा.