आयव्ही-१८ ला एलईडी समजणाऱ्यांनो

अहो, घड्याळ बनवायला आणता ती आकडे दाखवणारी सोव्हिएत काचेची नळी आहे ती, व्हीएफडी म्हणजे व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले! आतली हवा काढलेली, केसाहून बारीक तारा ताणलेल्या, त्यांच्याखाली जाळी, जाळीखाली फॉस्फर (चमकणारी पूड) फासलेले अ‍ॅनोड. रेडिओच्या व्हॉल्व्हच्या घराण्यातली. तरी ठाण्यापासून पनवेलपर्यंत ज्याला त्याला ती सेव्हन सेगमेंट (आकडा सात पट्ट्यांचा) एलईडीसारखी जोडायची असते. मग बोंबाबोंब: आकडे भुतासारखे दिसतात, एक बाजू अंधारी आहे, ट्यूब डेडच आली. आली होती चांगली, घरी आणून मारलीत.

आधी फिलामेंट, म्हणजे त्या बारीक तारा, बघा. आयव्ही-१८ ला ५ व्होल्ट, ८५ मिलिअँपिअर. तिच्या एका आकड्याच्या बहिणीला, आयव्ही-६ ला, १ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर. एक व्होल्ट! पण कुठल्यातरी व्हिडिओत "सोव्हिएत ट्यूब सगळ्या सारख्याच" ऐकायचं, आयव्ही-६ सरळ आर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्टला लावायची आणि भपकन नारिंगी उजेड पडला की टाळ्या वाजवायच्या. तो उजेड म्हणजे तार गेल्याची पावती. ५ व्होल्टवरच चालवायची असेल तर प्रत्येक ट्यूबला वेगळा ८२ ओमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर टाका. चिल्लरीतला माल आहे, त्यात कसली काटकसर? मग खोलीतले दिवे घालवून बघा. तार दिसलीच नाही किंवा मिट्ट काळोखात जेमतेम लालसर दिसली तर ठीक. भर उजेडात लाल दिसतेय म्हणजे जास्त होतंय.

आता ग्रिडचं (त्या जाळीचं) आणि सेगमेंटचं व्होल्टेज. चार आण्याची अक्कल पाजळून सगळे एमटी-३६०८ चं बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) मॉड्यूल उचलतात, कारण स्वस्त. ते २८ व्होल्टच्या वर जात नाही. आयव्ही-६ चे आकडे सतत पेटते ठेवले तर तिला २५ पुरतात, मान्य. पण आयव्ही-१८ मध्ये नऊ ग्रिड आहेत आणि ती मल्टिप्लेक्स करूनच, म्हणजे एकेक आकडा आळीपाळीने पेटवूनच चालते. म्हणजे प्रत्येक आकडा वेळेच्या एक नवमांशच पेटणार. चांगल्या उजेडाला त्याला ५० व्होल्ट लागतात. २८ वर तो मरतुकडाच दिसणार, आणि दोष कुणाला? "ट्यूब जुनी आहे हो." वर एक बाजू अंधारी दिसते तीही याच कंजुषीने. फिलामेंटला डीसी दिलं की एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट. त्या टोकाला ग्रिडचा जोर ५ व्होल्टने कमी पडतो. ५० मधून ५ गेले तर खपून जातं, २८ मधून गेले तर डोळ्यात भरतं. तेही नको असेल तर एल-९११० सारखा एच-ब्रिज (करंटची दिशा उलटवणारा आयसी) घ्या आणि फिलामेंटला वीस-तीस किलोहर्ट्झने उलटसुलट ५ व्होल्ट द्या. जुन्या व्हीसीआरमध्ये डिस्प्लेच्या फिलामेंटसाठी ट्रान्सफॉर्मरवर वेगळं वाइंडिंग असायचं. बनवणारे काय वेडे होते?

५० व्होल्टसाठी एमसी-३४०६३ हा बूस्टचा आयसी चालतो, पण त्याचा आतला स्विच ४० व्होल्टचाच, तेव्हा बाहेर एक मॉस्फेट लावावाच लागतो. ५ ऐवजी १२ व्होल्टचा अडॉप्टर घ्या. डायोड यूएफ-४००७. "१एन-४००७ पण तसाच दिसतो" म्हणून तो लावू नका, स्विचिंगच्या त्या वेगाला तो बंदच होत नाही, नुसता तापतो. आउटपुटचा कपॅसिटर १०० व्होल्टचा.

आणि हे सगळं आणायचं कुठून? ठाण्याच्या गोखले रोडवर मोबाइलचं कव्हर पावलापावलावर मिळेल, बूस्टला लागणारा चांगला इंडक्टर (कॉइल) शोधून दाखवा! दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट, लॅमिंग्टन रोड. नोकरदाराला सुट्टी रविवारची, आणि रविवारी तिथे बहुतेक शटर खाली. शनिवारी अर्धी रजा टाकून पोचलं की काउंटरवर ठरलेला संवाद:

"साहेब, यूएलएन-२८०३ घेऊन जा, सेमच काम करतो."

"शेठ, तो खाली ओढतो. वर ढकलणारा पाहिजे."

"मग एलईडीच घ्या ना."

डोकं फिरतं. व्हीएफडीच्या ग्रिडला आणि सेगमेंटला प्लस द्यायचा असतो. २८०३ जमिनीकडे ओढतो, तो इथे एकटा काय उपयोगाचा? मॅक्स-६९२१ हा ड्रायव्हर आयसी हवा: वीस आउटपुट, ७६ व्होल्टपर्यंत. आयव्ही-१८ ला आठ सेगमेंट (सात पट्ट्या आणि बिंदू) आणि नऊ ग्रिड मिळून सतरा लागतात, एका आयसीत काम संपतं. नाहीच मिळाला तर टीबीडी-६२७८३ तीन घ्या, पण त्याची मर्यादा ५० आहे, म्हणून थोडा कमी उजेड चालवून ४० वर थांबा. आणि तो फक्त वर ढकलतो. प्रत्येक आउटपुटवरून जमिनीला ४७ किलोओम लावला नाही, तर ग्रिड लोंबकळत राहतं आणि शेजारचा आकडा भुतासारखा उमटतो.

भुताचं दुसरं कारण कोड. आकडा बदलण्याआधी ब्लँक करा, नवा डेटा भरा, मग पेटवा. इतकं साधं. पण डिले टाकून मुख्य लूपमध्येच मल्टिप्लेक्सिंग करणारे महाभाग आहेत. १०० किलोहर्ट्झच्या आय-टू-सीवर (दोन तारांची डेटाची जोडणी) आरटीसीचे, म्हणजे वेळ राखणाऱ्या आयसीचे, सात बाइट वाचायला ०.९ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एकच आकडा पेटून राहतो, आणि दर सेकंदाला घड्याळ डोळा मारतं. मल्टिप्लेक्सिंग टायमर इंटरप्टमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) टाका, एका आकड्याला १ मिलिसेकंद द्या. नवाला ९, म्हणजे सेकंदाला १११ फेऱ्या. झगमग संपली.

एवढं करूनही जुलैत भूत परत येतं. बोर्डवर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा चिकटा तसाच, वर पावसाळ्याची दमट हवा, आणि ५० व्होल्टच्या ट्रॅकमधून गळती. आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश. पण नाही, घासायला कंटाळा! ट्यूबच्या वायरीही काचेला चिकटून वाकवतात. सील तडकतं, हवा शिरते, आणि आतला चांदीसारखा डाग दुधासारखा पांढरा होतो. तो पांढरा दिसला की ट्यूब गेली, पुढची तपासणी सोडा. पार्सल उघडल्यावर आधी तोच बघायचा असतो.

वेळेचंही तेच. "मेन्सच्या ५० हर्ट्झवर चालवू, क्रिस्टल कशाला?" अहो, आपल्या देशाच्या वीज ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झची मुभा आहे. ४९.९५ वर दिवसभर राहिली तर ८६ सेकंद मागे, आणि वीज गेली की बारा वाजले. डीएस-३२३१ हा आरटीसी घ्या, त्यातही एसएन लिहिलेला. त्याची चूक वर्षाला मिनिटभर. एम लिहिलेल्याची अडीच मिनिटांपर्यंत जाते. आणि त्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर रिचार्जेबल सेलसाठी चार्जिंगची वाट दिलेली असते, २०० ओमचा रेझिस्टर आणि एक डायोड. त्यात सगळे साधी, रिचार्ज न होणारी सीआर-२०३२ कोंबतात आणि ५ व्होल्टवर महिनोन्‌महिने चार्ज करत बसतात. बटण सेल फुगेल नाहीतर काय! तो रेझिस्टर आजच उपटा.