डब्यात सुरवंट नको, त्याने पाडलेली भोकं द्या

चित्रांच्या पुस्तकांवरून मुलांचा डबा करायचा म्हटलं की पुस्तकातलं पात्रच जेवणातून घडवायचं, असं आपण धरून चालतो. भाताचं अस्वल, चीजचे कान, मटाराचे डोळे. फोटो झकास येतो. जपानमध्ये अशा डब्यांना ‘क्याराबेन’ म्हणतात आणि तिथल्या हौशी आईबाबांचं काम बघून थक्क व्हायला होतं. त्या हातांना सलाम. पण रोज सकाळी डबा भरणारा एक बाप म्हणून माझं मत जरा वेगळं आहे. पात्राला पुस्तकातच राहू दे, डब्यात त्याची गोष्ट येऊ दे.

एक तर अस्वल दप्तरात उभं-आडवं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचा एक डोळा हनुवटीवर आलेला असतो. दुसरं म्हणजे, शिजवलेल्या भाताला इतका वेळ हाताळणं बरं नाही. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी तग धरतात आणि भात बराच वेळ कोमट राहिला की वाढीला लागतात. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण: ज्या अस्वलावर पोराचा जीव आहे, त्याचंच तोंड त्याने चावून खावं ही अपेक्षा आपण का करतो? काही मुलं आनंदाने खातात, मान्य. माझी लेक त्यातली नाही. ती अस्वलाला झाकण लावून परत घरी आणते.

आता गोष्ट डब्यात आणायची म्हणजे काय, ते सांगतो.

एरिक कार्ल यांचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक, ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, 1969 सालचं. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी चॉकलेट केकपासून कलिंगडापर्यंत दहा पदार्थ, रात्री पोटदुखी, आणि रविवारी एक हिरवं पान खाल्ल्यावर आराम. या पुस्तकावरून डबा म्हटला की लोक द्राक्षं टूथपिकला टोचून सुरवंट करतात. (टूथपिक लहान मुलांच्या डब्यात नकोच. आणि लहानग्यांना अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं, ते उभं चिरूनच द्यायचं.) पण मुलं त्या पुस्तकात काय करतात ते बघा. ती भोकात बोट घालतात! प्रत्येक फळाला आरपार भोक आहे, सुरवंट तिथून गेलाय. कार्लना ही कल्पनाच मुळी कागदाला पंचने भोकं पाडताना सुचली होती.

म्हणून मी भोकं पाडतो. सफरचंदाच्या पातळ चकत्या करायच्या, बिया काढायच्या आणि जरा जाड, कडक स्ट्रॉ दाबून फिरवायची. गोल तुकडा स्ट्रॉमध्ये अडकून वर येतो, तो फुंकून काढायचा (हे काम लेकीचं, आणि तुकडा कुठे उडेल त्याची हमी नाही). काकडीला असंच, चीजच्या स्लाइसला तर फारच छान. गाजराची बारीक काडी करून सोबत द्यायची. ती भोकांमधून ओवत ओवत खायची, म्हणजे खाणारा सुरवंट आपणच. सफरचंद कापल्यावर हवेने लाल पडतं म्हणून एरवी आपण लिंबाचं पाणी लावतो. इथे भोकाच्या कडा थोड्या तांबूस झाल्या तर उलट बरंच, खरोखर कुणीतरी कुरतडल्यासारखं दिसतं. हे सगळं करायला सँडविच कापण्याइतकाच वेळ लागतो. आणि दप्तरात कितीही हिंदकळलं तरी भोक हे भोकच राहतं.

दुसरं पुस्तक माझं जास्त लाडकं आहे. रसेल होबन यांचं ‘ब्रेड अँड जॅम फॉर फ्रान्सिस’, 1964 सालचं, चित्रं लिलियन होबन यांची. फ्रान्सिस ही छोटी बॅजर, म्हणजे बिळात राहणारा एक केसाळ प्राणी. तिला ब्रेड-जॅमशिवाय काही नको. आई रागावत नाही, मागे लागत नाही. सकाळ-संध्याकाळ ब्रेड-जॅमच वाढायला लागते, शेवटी फ्रान्सिसलाच रडू फुटतं. पण माझा जीव अडकलाय तो तिच्या मित्राच्या, अल्बर्टच्या डब्यात. सँडविच, लोणच्यातली काकडी, उकडलेलं अंडं, अंड्यावर भुरभुरायला पुठ्ठ्याची इवलीशी मिठाची डबी, थर्मासमध्ये दूध, द्राक्षं, संत्रं, कस्टर्ड. कशालाच डोळे-नाक नाही. मजा त्याच्या खाण्याच्या रीतीत आहे: एक घास याचा, एक त्याचा, असा बेत आखून की सगळं एकदमच संपावं. पुढे फ्रान्सिसच्या डब्यातही तशी मिठाची डबी येते आणि ती बाकावर चिमुकली फुलदाणी मांडून जेवते.

मी मिठाची डबी उचलली. म्हणजे कागदाची पुडी, तिच्यात चिमूटभर मीठ-मिरपूड, बाजूला सोललेलं अंडं. बस. आपल्या हाताने मीठ घालायचं म्हटल्यावर जे अंडं घरी नको असतं ते शाळेत संपतं. पोरांना सजावटीपेक्षा कारभार जास्त आवडतो, हे मी बघत आलोय.

पुस्तक दाखवलं की खाणं सुधारतं का, याला थोडा आधार आहे. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिमुरड्यांना घरी भाज्यांची चित्रपुस्तकं दाखवली, तेव्हा अनोळखी भाजी चाखायची त्यांची तयारी वाढली. यातून मी माझ्यापुरता अर्थ काढतो तो असा: पुस्तकातली भाजी डब्यात ओळखू आली पाहिजे. मटाराचा डोळा झाला की तो मटार राहत नाही.

डॉ. स्यूस यांचं हिरव्या अंड्यांचं पुस्तक अवघ्या पन्नास वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय आणि वाचायला धमाल आहे, पण त्यातला सॅम ती अंडी घेऊन नको म्हणणाऱ्याच्या मागे लागतो, तो मार्ग मला पटत नाही. ताट घेऊन पोराच्या मागे बोटीत, आगगाडीत, पावसात फिरायचं, आणि शेवटी पोर म्हणणार, ‘अहाहा!’ हे मोठ्यांचं स्वप्नरंजन झालं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी मला मानवते: काय, कधी, कुठे हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. डब्याला तर हे आपोआपच लागू आहे. झाकण उघडतं तेव्हा आपण तिथे नसतोच.

आता आमच्याकडे सुरवंटाच्या शनिवारच्या खाण्याची मागणी आलीय. केक, आइस्क्रीम, लॉलीपॉप, सगळं एकाच डब्यात, आणि ‘रविवारी मी हिरवं पान खाईन ना बाबा’ असं वर लेखी आश्वासन. वाटाघाटी चालू आहेत.