पडलेलं पिल्लू घरात आणू नका, आणि त्याला दूध तर मुळीच पाजू नका

‘थंडी सरत आली, अंगणातले पक्षी वाचवा’ हा मेसेज सध्या गोव्यातल्या प्रत्येक घरच्या गटात फिरतोय. वर चिमणीचा फोटो, खाली पाच सूचना, शेवटी ‘पुण्य लाभेल, पुढे पाठवा’. साखळी गावात माझ्या आत्याकडे तो पोचला आणि तिने तो अक्षरशः पाळला. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेज म्हणतो: एक, पडलेल्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला घेत नाही, म्हणून ते घरी आणून ड्रॉपरने कोमट दूध पाजा. दोन, पक्ष्यांच्या पाण्यात चिमूटभर मीठ-साखर घाला. तीन, कच्चा तांदूळ टाकू नका, तो पोटात फुगून पक्षी मरतात. चार, मोबाईल टॉवरमुळे चिमण्या संपल्या. पाच, अंगणात पाणी ठेवा.

पहिली सूचना थेट पिल्लाच्या जिवावर उठणारी आहे. आपल्याकडे शिपाई बुलबुलाची वीण उन्हाळ्याची वाट बघत नाही. आत्ताच जास्वंदीत, क्रोटनमध्ये, पोर्चातल्या कुंडीतसुद्धा त्याची वाटीसारखी घरटी सापडतात. पिल्लं जेमतेम दोन आठवड्यांची होतात न होतात तोच घरट्याबाहेर पडतात, आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. शेपूट आखूड, चोचीच्या कडा पिवळ्या, अंगावर पिसं आलेली, टुणटुण उड्या मारत चाललेलं असं पिल्लू ‘पडलेलं’ नसतं. ते उडायला शिकत असतं. आईबाप जवळच्याच फांदीवर असतात आणि जमिनीवर उतरून त्याला भरवतात. माणूस तिथे उभा असला तर मात्र येत नाहीत. आपल्याला वाटतं, टाकून गेले.

आत्याने नेमकं असंच पिल्लू उचललं. मी पोचलो तेव्हा ते चपलांच्या खोक्यात होतं. चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांत दूध वाळून पांढरं झालेलं, गळ्याची पिसं एकमेकांना चिकटलेली, आणि प्रत्येक श्वासाला चोच उघडत होती. बाहेर जास्वंदीवर बुलबुलाची जोडी दिवेलागणीपर्यंत ओरडत होती. सकाळी पिल्लू गेलं. आत्या दिवसभर जेवली नाही. तिचा काय दोष? तिने माया केली, सल्ला चुकीचा होता.

पक्ष्यांची पिल्लं दुधावर वाढत नाहीत. दुधातली साखर पचवण्याची सोयच त्यांच्या पोटात नसते, त्यामुळे जुलाब होतात आणि एवढासा जीव सुकून जातो. दुसरं संकट ड्रॉपरचं. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. वरून थेंब सोडले की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतात. दूधच काय, साधं पाणीसुद्धा असं पाजायचं नाही. बुलबुल आपल्या पिल्लांना अळ्या, किडे आणि मऊ फळं भरवतो. फुलांतला मध पिणारा शिंजीरही पिल्लांसाठी कोळी आणि किडेच आणतो.

आणि हात लागल्याचं म्हणाल, तर माणसाचा वास आला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. अंगावर पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू खाली दिसलं आणि घरटं हाताशी असलं, तर अलगद उचलून परत ठेवा. पिसंवालं असेल तर जवळच्या झुडपात उचलून ठेवा, मांजर घरात कोंडा आणि स्वतः दूर व्हा. रक्त येत असेल किंवा पंख लोंबत असेल तर हवेला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनखात्याला कळवा. तोवर खाणं-पिणं काही नको.

मीठ घातलेलं पाणी लहान पक्ष्यांना सोसत नाही. साखरेचं पाणी उन्हात आंबतं आणि मुंग्या गोळा करतं. परसात जास्वंद आणि केळफूल असताना शिंजिराला त्याची गरजही नाही.

कच्च्या तांदळाची गोष्ट तर शेतकऱ्याला सांगून बघा. वायंगण, म्हणजे रब्बीचं भात, पिकू लागलं की मुनिया या छोट्या पक्ष्यांचे थवे भातावर तुटून पडतात, आणि ते भात कुणी शिजवून दिलेलं नसतं.

टॉवरच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मोठ्या शहरांत चिमण्या खरोखर घटल्यात. पण ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२० मध्ये आला, तो जरा बघा. सुमारे साडेपंधरा हजार पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी आणि ८६७ जातींचा अभ्यास त्यात आहे. तो सांगतो की देशभराचा विचार केला तर पंचवीसहून अधिक वर्षांत चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, घट महानगरांत आहे, आणि त्यासाठी टॉवरला जबाबदार धरावं असा ठोस पुरावा नाही. संशय आहे तो किडे आणि घरट्यांच्या जागा कमी होण्यावर. टॉवर तर खेड्यापाड्यांतही उभे राहिलेत. तेच कारण असतं तर चिमणी तिथूनही गेली असती. पण टॉवरला शिव्या देणं सोपं असतं. कौलारू घर पाडून स्लॅब घालताना वाशांतली भोकं बुजली आणि परसात कीटकनाशक फवारलं, याचा विचार कोण करतो?

पाचवी सूचना बरोबर आहे, फक्त अर्धवट आहे. पाणी ठेवा, पण उथळ मातीच्या परळात, दोन बोटं खोल, मध्ये पाय टेकायला एक दगड. रोज ओतून टाका, काथ्याने घासा आणि ताजं भरा. आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डेंगीचे डास तयार होतात. आणि परळ मोकळ्यावर ठेवा, झुडपाला लागून नको, कारण मांजर तिथेच दबा धरून बसतं.