सरकारच्या शेजारची माणसं

अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनात हजार चंद्रांचा हिशोब गुरुजींनी केला आणि खोल्यांचा माझ्यावर आला. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सव्वीस माणसं झोपू शकत नाहीत, हे बायकोने फरशीवर खडूने गाद्या आखून सिद्ध केलं. शेवटची गादी गॅलरीतून बाहेर गेली होती. तिच्यावर माझं नाव होतं.

म्हणून मुंबई नाक्याजवळचं एक हॉटेल बघितलं. खोलीचा दर 2400 रुपये. मी परत फिरणार, तेवढ्यात काउंटरमागची पाटी दिसली : ‘शासकीय कर्मचाऱ्यांना 20% सूट’. चार खोल्या, दोन रात्री. उभ्या उभ्या गुणाकार केला. 3840 रुपये वाचत होते. आचाऱ्याचा इसार सुटत होता! आणि आमच्या घराण्यात सरकारी माणसांचा काय दुष्काळ आहे? पितर जेवायला घातले तरी त्यातले निम्मे पेन्शनर निघतील.

शुक्रवारी दुपारी इंदिरानगरच्या बोगद्याच्या गर्दीत अर्धा तास काढून आम्ही सगळे बॅगांसकट काउंटरसमोर उभे राहिलो. काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. की-बोर्डखालून चालू घडामोडींच्या पुस्तकाचा कोपरा डोकावत होता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोराशी सरकारच्या व्याख्येवर वाद घालू नये. आपण सरकारात नोकरी केलेली असते, त्याने सरकार पाठ केलेलं असतं.

“सर, शासकीय कोण?”

“मी. शिक्षक.”

“जिल्हा परिषद?”

“अनुदानित शाळा. पगार सरकारी तिजोरीतून. शालार्थ प्रणालीतून येतो,” मी छाती काढून म्हणालो.

“नेमणूक कोणाची?”

“संस्थेची.”

“मग तुम्ही संस्थेचे, सर. सरकार तुमचा फक्त पगार देतं.”

माझ्या मते फक्त पगार देणाऱ्यालाच मालक म्हणतात. पण मी वेगळा पत्ता काढला. मोबाइलमधला फोटो दाखवला. 20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान, दिंडोरी तालुक्यातलं एक केंद्र, गळ्यात केंद्राध्यक्षाचं कार्ड, डोळे लाल. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेतलं होतं आणि मशिन जमा करून घरी आलो तेव्हा दूधवाला भेटला होता. “इथे मी कोणाचा दिसतो?”

पोराने फोटो मोठा करून पाहिला. “इथे तुम्ही निवडणूक आयोगाचे, सर. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम अठ्ठावीस ए, प्रतिनियुक्ती. पण ती निकाल लागेपर्यंतच असते.”

म्हणजे मी हंगामी सरकारी आहे. आंब्यासारखा.

मागून मामा पुढे सरकले. मामा म्हणजे नाशिकरोडची प्रेस. नाशिकमध्ये ‘प्रेस’ म्हटलं की छापखाना किंवा वर्तमानपत्र असं कोणी समजत नाही, नोटाच समजतात. मामांनी छत्तीस वर्षं नोटा छापल्या आणि त्यांतली एकही घरी आणली नाही, हे वाक्य ते पहिल्याच भेटीत सांगतात. इथेही सांगितलं.

“काका, प्रेस 2006 ला महामंडळाकडे गेली ना?”

“गेली. पण मी गेलो नाही कुठे! तीच मशीन, तोच डबा, तीच पाळी. रात्री झोपलो तेव्हा भारत सरकार होतो, सकाळी उठलो तर कंपनी.”

“सरकारने मिनीरत्न दर्जा दिलेली कंपनी आहे ती,” पोरगा आदराने म्हणाला.

“मग रत्न म्हणून सूट दे.”

पोरगा हसला, पण की-बोर्डवरचं बोट हललं नाही.

आता माझा मेव्हणा. धुळे डेपो, कंडक्टर. “दाजी, तुम्ही सरका,” म्हणत त्याने बिल्ला काउंटरवर असा आपटला की घंटीच वाजली. “यष्टी. नावातच राज्य आहे.”

“एसटीचं सरकारात विलीनीकरण झालं का, भाऊ?”

एवढा एकच प्रश्न, आणि मेव्हण्याचा चेहरा डेपोत उभ्या राहिलेल्या गाडीसारखा झाला. 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत तो त्याच एका शब्दासाठी संप करून घरी बसला होता. त्याच्या बायकोच्या बांगड्या आमच्या लॉकरमध्ये आल्या होत्या त्या तेव्हाच. तो म्हणाला, “दिवसभर मी लोकांना सूट देतो. बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना फुकट. हे अण्णा बसलेत ना, यांना आख्खा महाराष्ट्र फुकट हिंडवतो. आणि मला एका खोलीची सूट नाही?”

अण्णांनी सोफ्यावरून मान डोलावली. त्यांना ऐकू कमी येतं, पण ‘फुकट’ हा शब्द पोहोचतो.

येवल्याच्या वहिनींना मी खरं तर पुढे करणार नव्हतो. त्या अंगणवाडी सेविका. वजनं करा, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर फोटो टाका, लाडक्या बहिणींचे फॉर्म भरा. सरकारला गावातलं काहीही मोजायचं झालं की पहिला फोन वहिनींना जातो. त्या स्वतःच म्हणाल्या, “भाऊजी, राहू द्या. आम्ही मानसेवी. आम्हाला पगार नसतो, मानधन असतं.”

“मानधनाला सूट नाही, ताई,” पोरगा इतक्या हळू आवाजात म्हणाला, की त्याच्या घरी कोणीतरी सेविका असावी असा मला संशय आला. कंत्राटी संगणकवाला चुलतभाऊ तर विचारायच्या आधीच बॅग घेऊन रांगेतून बाजूला झाला. त्याला सवय आहे.

तेवढ्यात चहा आला आणि मला वैचारिक उबळ आली. दौऱ्यावर गेलेल्या केंद्र सरकारच्या माणसाने कितीच्या हॉटेलात राहायचं, याचे दर 2017 च्या आदेशात ठरले. अगदी वरच्या, म्हणजे चौदाव्या आणि त्यापुढच्या वेतनस्तराच्या साहेबाला दिवसाला 7500 रुपये. पाचव्या आणि त्याखालच्याला 450. हे दर मागाहून वाढले असतील, पण मधली दरी तीच. आता सांगा, ही पाटी कोणासाठी? 7500 वाल्याला सूट कशाला हवी, त्याच्या खोलीचं भाडं सरकार भरतं. आणि 450 वाल्याला 20 टक्के सोडून 1920 झाले म्हणून तो काय आत येणार आहे? तो सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, बाकावर बॅग उशाला घेऊन पहाटेच्या गाडीची वाट बघेल. बरं, रजा प्रवास सवलत घेऊन कुटुंबासह निघालात तरी सरकार तिकिटाचे पैसे देतं, झोपायचे नाही. तेव्हा सूट द्यायचीच तर सरकारी कामाने ज्याची झोप जाते त्याला द्यावी, असं माझं मत मी मांडलं. पोरगा म्हणाला, “सर, हे मुलाखतीत छान वाटेल. पण ओळखपत्र?”

आणि मग मला आठवला पुतण्या! तलाठी. 2023 च्या त्या भरतीतला; 4644 जागा आणि दहा लाखांवर अर्ज. खराखुरा, महसूल खात्याचा, राजमुद्रेचं कार्ड बाळगणारा. इतका वेळ तो होता कुठे? लिफ्टपाशी, कुंडीतल्या पामच्या आड, पाठ करून उभा होता.

“अरे, ये की पुढे! कार्ड काढ!”

त्याने मला दंडाला धरून बाजूला नेलं. “काका, हळू. मी नाशिकला नाहीये.”

“म्हणजे?”

“मी आत्ता फिरतीवर आहे. पाणंद रस्त्याच्या पंचनाम्याला. मुख्यालय सोडायची परवानगी घेतली नाही. बिलावर माझं नाव, पद आणि आजची तारीख छापून आली तर...”

3840 रुपये डोळ्यांसमोरून पामच्या झाडात गेले.

शेवटी पूर्ण दराने खोल्या घेतल्या. प्रत्येकाने आधार कार्ड पुढे केलं. पुतण्या पाकिटातून आधार ओढायला गेला आणि चिकटलेलं दुसरं कार्ड काउंटरवर पडलं. पोराने ते उचललं, वाचलं आणि उठूनच उभा राहिला.

“सर... तलाठी? मी पण होतो त्या परीक्षेला. नऊ मार्कांनी गेलं. कोणत्या क्लासला होता?”

“अरे, हळू बोल,” पुतण्या म्हणाला.

पोराने इकडेतिकडे पाहिलं, कार्ड उलटं करून परत दिलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, येण्याचं कारण, व्यवसाय. शेवटच्या रकान्यापाशी पुतण्याचं पेन क्षणभर थांबलं. मग आख्ख्या गावाचे सातबारे सांभाळणाऱ्या त्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं : शेती.