‘ठिणगी न पाहिलेला माणूस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ठिणगीसाठी विशेषण कसं निवडावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द फार कडू झाले असते, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. तरीही काही कडू झालेच तर इलाज नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. विशेषणांची यादी करणं म्हणजे शाळकरी निबंधाची तयारी. ‘ज्वलंत ठिणगी’ ही द्विरुक्ती. ‘चुकार ठिणगी’ हास्यास्पद, कारण ‘ठिणगी काय शाळा चुकवते?’ चांगला लेखक क्रियापदांवर भिस्त ठेवतो. आणि शेवटी हे वाक्य: ‘ठिणगीला विशेषणं डकवणाऱ्यानं ठिणगी कधी पाहिलेलीच नसते.’

‘ज्वलंत’बद्दल तुमचं बरोबर आहे. जळत नाही ती ठिणगी कसली? शिवाय ‘ज्वलंत प्रश्न’ म्हणून म्हणून तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यात धग उरलेली नाही. ती चूक माझी, मान्य.

पण ते शेवटचं वाक्य! मतभेद असेल तर मांडा, खुशाल मांडा. ‘हे विशेषण इथं बसत नाही’ एवढं म्हणाला असतात तर मी आभार मानले असते. तुम्ही शब्दांबद्दल बोलता बोलता माझ्या डोळ्यांबद्दल निकाल दिलात, तोही माझ्याविषयी काडीचीही माहिती नसताना. ठिणगीला आपल्याकडे ‘किटाळ’ असाही एक जुना शब्द आहे, आणि किटाळ म्हणजे खोटा आळही. तुमचं वाक्य वाचताना मला तो दुसरा अर्थ आठवला.

माझ्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप होतं. सोळाव्या वर्षापासून सुट्टीत, आणि कॉलेज सुटल्यावर सलग सात वर्षं रोज, मी तिथं ग्राइंडरपाशी उभा राहिलोय. डाव्या मनगटावरचे बारीक पांढरे डाग अजून गेलेले नाहीत.

भंगारातून आलेल्या तुकड्यावर तो कशाचा आहे हे लिहिलेलं नसतं. वडील तो फिरत्या चाकाला टेकवायचे आणि मला विचारायचे, “कशी आहे?” ‘ठिणगी आहे’ हे उत्तर चालत नसे. साध्या सळईची ठिणगी लांब आणि पिवळसर, तिला टोकाशी एखाददुसराच फाटा. जुन्या कानशीचा तुकडा धरला की चाकालगतच दाट फुलोरा उठायचा, एकेका ठिणगीच्या चार-पाच चांदण्या व्हायच्या. बिडाची ठिणगी आखूड, मंद लाल. पोलादात कार्बन जितका जास्त तितकी ठिणगी जास्त फुटते, कारण उडालेल्या तप्त कणातला कार्बन जळून त्याचा वायू होतो आणि तो वायू कणाला फोडून बाहेर पडतो. लांब, दाट, आखूड, मंद. ही सगळी विशेषणंच आहेत, आणि ती आम्ही कुठंही डकवत नव्हतो.

एकदा मी घाईत नुसतं “पिवळी” म्हणालो. फाटे सांगितले नाहीत. वडील पाठमोरे होते, त्यांनी विश्वास ठेवला आणि तो तुकडा साध्या लोखंडाला वेल्ड केला. दुसऱ्या दिवशी जोडाच्या कडेनं केसाएवढी चीर गेलेली होती. जास्त कार्बनचं पोलाद वेल्डिंगनंतर झपाट्यानं थंड झालं की जोडाच्या कडेला ठिसूळ होतं आणि तडकतं. ते बोलले काहीच नाहीत. चिरेवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. एक विशेषण कमी पडलं तर काय होतं, हे मी तिथं शिकलो.

रंगाचंही तेच. तापलेलं लोखंड साधारण ७०० अंश सेल्सिअसला मंद लाल दिसतं, १००० च्या सुमारास केशरी, १३०० च्या पुढे पांढरं. म्हणजे ‘तांबूस ठिणगी’ आणि ‘पांढरीफेक ठिणगी’ यांच्यात शेकडो अंशांचं अंतर आहे. विजेच्या ठिणगीचा निळसरपणा आणखी वेगळा. तिथं हवाच उजळते, आणि दोन टोकांमधल्या कोरड्या हवेच्या एका मिलिमीटरला त्यासाठी सुमारे ३००० व्होल्ट लागतात. लाकडाच्या शेकोटीतून कुणी ‘निळीशार ठिणगी’ उडवली, तर त्या लेखकानं ठिणगी पाहिलेली नाही असं तुम्ही जरूर म्हणा. मीही म्हणेन.

आणि फार जुनी साक्ष हवी असेल तर मुंडकोपनिषद उघडा. पेटलेल्या अग्नीतून हजारो ठिणग्या निघतात, तसे अक्षरातून, म्हणजे अविनाशी ब्रह्मातून, नाना जीव उत्पन्न होतात, अशी उपमा तिथं आहे. त्या ठिणग्यांना विशेषण लावलंय ‘सरूपाः’, म्हणजे अग्नीसारख्याच रूपाच्या. उपमेचा सगळा भार त्या शब्दावर आहे. तो काढलात तर नुसत्या ठिणग्या उरतात. त्या ऋषीनंही ठिणगी पाहिली नव्हती, असं म्हणणार आहात का?

क्रियापदांचं म्हणाल, तर माझा लेख विशेषणांवर होता. तो विषय इथं नको. ‘शाळकरी’बद्दलही काही बोलत नाही, ज्यांना तो शब्द शिवीसारखा वापरावासा वाटतो त्यांच्याशी काय बोलायचं?

राहिलं ‘चुकार’. झोतातल्या शंभर ठिणग्या जमिनीवर पडून विझतात. एखादीच वाट सोडते, फरशीवर टप्पा घेते आणि कोपऱ्यातल्या तेलकट चिंध्यांत शिरते. तिथं ती दिसत नाही, आवाज करत नाही, धूर यायला कधी कधी अर्धा तास लागतो. म्हणून काम संपल्यावर वडील कुलूप लावायची घाई करत नसत. दिवे मालवून दारात स्टूल टाकून अंधारात बसायचे आणि मला जवळ बसवायचे. “एखादी चुकार असते,” एवढंच म्हणायचे. तो शब्द माझा नाही, त्यांचा आहे. ‘ज्वलंत’ मी यादीतून काढून टाकलंय. ‘चुकार’ राहील.