‘दोन रविवार वाया गेले’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी: व्हीएमला (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला) व्हर्जिल वापरून थ्रीडी ग्राफिक्स देण्यावरच्या माझ्या लेखाप्रमाणे व्हर्ट-मॅनेजर या व्हीएम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ ‘व्हर्टिओ’ केला, थ्रीडी अ‍ॅक्सेलरेशन आणि ओपनजीएल (ग्राफिक्स काढायच्या आज्ञांचा संच) या दोन्हींवर टिक केली, तर व्हीएम सुरूच होईना. टिक काढली तर आतलं ग्नोम (लिनक्सचा डेस्कटॉप) रांगतंय. ‘सरळ जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) पासथ्रू शिकवायचं सोडून हा अर्धवट उद्योग कशाला?’

त्यातला एक रविवार माझ्या खात्यावर टाका. ‘डिस्प्ले स्पाइस’मध्ये (व्हीएमचा स्क्रीन दाखवण्याच्या सेटिंगमध्ये) ‘लिसन टाइप’ला ‘नन’ निवडायचं, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. ते ‘अ‍ॅड्रेस’वर असेल तर क्यूईएमयूच्या (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बऱ्याच आवृत्त्या ‘स्पाइस जीएल फक्त लोकल’ अशा अर्थाचा एरर देऊन तिथेच बसकण मारतात. लेखात ती ओळ आज घातली आहे.

पासथ्रूचं मात्र पटलं नाही. तुम्हीच लिहिलंय, लॅपटॉप आहे आणि त्यात इंटेलचा एकुलता एक जीपीयू. पासथ्रू म्हणजे ते कार्ड होस्टकडून (मूळ लॅपटॉपकडून) काढून व्हीएफआयओ या लिनक्समधल्या सोयीमार्फत गेस्टच्या (व्हीएमच्या) हवाली करणं. घरात शेगडी एक, तीही पाहुण्याला दिली तर आपण काय खायचं? होस्टचा स्क्रीन काळा पडणार. शिवाय आयओएमयू ग्रुप (एकत्रच सोपवावा लागणारा उपकरणांचा गट) फोडता येत नाही. त्याच ग्रुपात यूएसबी कंट्रोलर निघाला तर तोही सोबत जातो.

व्हर्जिलमध्ये शेगडी सामायिक राहते. गेस्टमधला मेसा ड्रायव्हर ओपनजीएलच्या आज्ञा व्हर्टिओ-जीपीयू या आभासी कार्डावरून होस्टकडे पाठवतो आणि होस्टवरचा व्हर्जिलरेंडरर त्या खऱ्या कार्डावर चालवतो. या ये-जा करण्यात वेग जातो, गेम खेळायला बसलात तर चांगलाच जाणवेल. पण तुम्हाला लिनक्स डेस्कटॉप आणि ब्राउझर हवाय, तेवढ्याला पुरतं. वल्कन (ओपनजीएलसारखाच, पण नवा संच) हवं असेल तर त्यासाठी व्हीनस आहे, क्यूईएमयू 9.2 पासून, म्हणजे डिसेंबर 2024 पासून.

विंडोज गेस्ट असता तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो, कारण व्हर्टिओ-विन या विंडोज गेस्टसाठीच्या ड्रायव्हर-संचातला ड्रायव्हर नुसता डिस्प्लेपुरता आहे, थ्रीडी नाही. तिथे दोन कार्डांचा डेस्कटॉप आणि पासथ्रू हेच बरं. (एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा तो व्हीएममध्ये कार्ड चालू न देणारा कुप्रसिद्ध ‘कोड 43’ एररसुद्धा 2021 च्या ड्रायव्हरपासून छळत नाही.)

आता ‘नन’ करून व्हीएम चालू करा आणि आत ‘glxinfo -B’ (बी कॅपिटल) ही आज्ञा चालवा. रेंडररच्या ओळीत नुसतं ‘एलएलव्हीएमपाइप’ आलं तर सगळं काम अजून सीपीयूच ओढतोय. ‘व्हर्जिल’ आलं तरी लगेच खूश होऊ नका, पुढच्या कंसात काय आहे ते बघा. तिथे एलएलव्हीएमपाइप असेल तर गेस्ट निर्दोष आहे, होस्टचाच ड्रायव्हर लागलेला नाही. ती ओळ जशीच्या तशी इथे टाका, पुढचं बघू.