बारावीचे वर्ष केवळ परीक्षांना देऊ नका

बारावी सुरू झाली की घराघरांत एकच वेळापत्रक भिंतीवर लागते. जानेवारीत जेईई मेन, मग प्रात्यक्षिके, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची लेखी परीक्षा, एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि मेच्या पहिल्या रविवारी नीट. मुलाने पुढे काय शिकायचे, कुठे शिकायचे आणि ते परवडणार कसे, या प्रश्नांसाठी त्या वेळापत्रकात एकही दिवस राखून ठेवलेला नसतो. ते सारे "निकाल लागू दे, मग बघू" म्हणून पुढे ढकलले जाते. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, की चांगल्या मुलांचे नुकसान पुष्कळदा गुणांनी होत नाही, या ढकलण्याने होते. प्रवेशाच्या नियोजनाची जबाबदारी कनिष्ठ महाविद्यालयाने बारावीच्या पहिल्या महिन्यापासून स्वतःकडे घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते सविस्तर मांडावे म्हणून ही पोस्ट लिहितो आहे.

सर्वांत आधी कागदपत्रांविषयी, कारण सर्वाधिक मुले तिथेच अडकतात. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी त्या त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे शासनाने ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, जातीचा पुरावा द्यावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. याचा प्रत्यक्षातला अर्थ असा, की वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला बहुधा कामाला येत नाही. आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधावा लागतो. ती जिल्हा परिषदेची शाळा दुसऱ्या गावात असते, जुने रजिस्टर वाळवीने खाल्लेले असते, एका कागदावर आडनाव असते तर दुसऱ्यावर नुसते वडिलांचे नाव, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली, मोडीतली नोंद काढून तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. मग वंशावळीचे शपथपत्र, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे पत्र आणि गरज पडल्यास दक्षता पथकाची गृहचौकशी. हे काम आठवड्याभराचे नव्हे, महिन्यांचे आहे. जे कुटुंब हा अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या जुलै-ऑगस्टमध्ये दाखल करते, ते निर्धास्त असते. जे कुटुंब निकालानंतर धावते, त्याच्या वाट्याला तहसील, सेतू केंद्र आणि समिती कार्यालयाच्या रांगा येतात आणि शासन मुदत वाढवील का, याची वाट पाहणे येते. त्या मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर मूल खुल्या प्रवर्गात ढकलले जाते आणि शुल्काचा सगळा हिशेबच कोलमडतो. आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेचे नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवास प्रमाणपत्र तुलनेने सोपे, पण तेही जूनच्या गर्दीत मागायचे नसते.

दुसरी गोष्ट कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, विकल्प अर्जाची. महाविद्यालयांचा पसंतीक्रम त्यात भरायचा असतो. आपल्या राज्यात अभियांत्रिकीचा प्रवेश या अर्जावर ठरतो, आणि तो भरला जातो नेट कॅफेत, मागे दहा जण उभे असताना. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून नियम असा आहे, की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तो प्रवेश आपोआप कायम होतो आणि विद्यार्थी पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागू होतो. म्हणजे पसंतीक्रम हाच निर्णय आहे. तरीही "हे नक्की मिळेल" म्हणून गावाजवळचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकून दिले जाते. मग पहिल्या फेरीत तेच मिळते आणि ज्या शासकीय महाविद्यालयात त्याच पर्सेंटाइलवर जागा मिळू शकली असती, तिथला रस्ता बंद होतो. मागील वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असतात. ते प्रवर्गनिहाय आणि फेरीनिहाय कसे वाचायचे, गृह विद्यापीठाची जागा आणि राज्यस्तरीय जागा यांत काय फरक असतो, हे एखाद्या दुपारी शांतपणे बसून शिकवता येते. शिकवणारे कोणी नसते, एवढेच.

पैशाचेही तसेच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला आहे, व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही. आणि वसतिगृह व खाणावळीचा खर्च तिच्यात येत नाही. "मुलीला एवढे शिकवणे झेपणार नाही" असे ठरवून गावातच बी.ए. ला नाव घालणाऱ्या पालकांपैकी किती जणांना हे ठाऊक असते? वसतिगृहाच्या खर्चासाठी स्वाधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता यांसारख्या योजना आहेत, त्यांचेही अर्ज आणि अटी आहेत, आणि त्या बारावीतच समजल्या तर बाहेरगावी शिकण्याचा विचार तरी घरात होऊ शकतो.

मला सर्वांत जास्त टोचते ते वेगळेच आहे. प्रयोगशाळेत बारावीच्या मुलांना क्षारांचे पृथक्करण करताना पाहिले की कोणाचा जीव या विषयात आहे ते लपत नाही. परीक्षानळीत अवक्षेप आला की बहुतेक जण तो वहीत लिहून मोकळे होतात. एखादी मुलगी मात्र तो अमोनियात विरघळतो का हे पाहते, रंग का बदलला म्हणून विचारते, आणि तास संपला तरी हात धुवायला जात नाही. अशा मुलीला पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिथल्या प्रवेशासाठी वेगळी अभिरुची चाचणी असते, हे कोण सांगणार? त्या चाचणीच्या अर्जाची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे नाव तिच्या कानावर पडलेले नसते. कायद्याच्या राष्ट्रीय विद्यापीठांसाठीची क्लॅट डिसेंबरमध्ये, म्हणजे बारावी चालू असतानाच होते. दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि २०२१ पासून मुलींनाही ती खुली झाली आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी २०२४ साली याचा चटका प्रत्यक्ष अनुभवला. बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना त्या वर्षी पहिल्यांदाच राज्याची सीईटी लागू झाली, अनेकांना ती ठाऊकच नव्हती, आणि शेवटी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. तारीख हुकणाऱ्या या मुलांमध्ये शहरातली, शिकलेल्या आईवडिलांची मुले कमी असतात आणि घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जाणार आहे अशी मुले जास्त असतात. म्हणून मी याला अन्याय म्हणतो.

हे असे का झाले, याचे कारण वर्गात आहे, किंवा खरे तर वर्ग नसण्यात आहे. अभियांत्रिकीसाठी बोर्डाच्या गुणांचा उपयोग आता मुख्यतः पात्रतेपुरता उरला आहे: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. वैद्यकीयचा प्रवेश नीटवर. त्यामुळे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवसभर बसायचे क्लासमध्ये, अशी टाय-अपची व्यवस्था गावोगाव पसरली. २०१८ मध्ये शासनाने काही विभागांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तरी वर्ग भरले नाहीत. क्लासमध्ये मुलाची ओळख चाचणीच्या गुणांपलीकडे फारशी होत नाही. तिथले शिक्षक कष्टाळू असतात, परंतु मुलाच्या घरची स्थिती, त्याचा कल आणि त्याच्या कागदपत्रांची अवस्था पाहणे हे त्यांचे काम नाही. ते काम ज्या शिक्षकाचे होते, त्याच्यासमोर मूलच उरले नाही.

म्हणून माझी मागणी नवी समिती किंवा नवे पोर्टल नेमण्याची नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने बारावीच्या जूनपासून आठवड्याला एक तास प्रवेशाच्या नियोजनासाठी वेळापत्रकात घालावा आणि तो कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांना सक्तीचा असावा. जुलैमध्ये प्रत्येक मुलाची कागदपत्रे तपासून जात पडताळणीचे प्रस्ताव महाविद्यालयानेच एकत्र पाठवावेत, सप्टेंबरपर्यंत साऱ्या प्रवेश परीक्षांच्या तारखा फलकावर लागाव्यात आणि परीक्षा संपल्यावर, निकालाच्या आधीच्या मोकळ्या आठवड्यांत, मागील वर्षीचे कटऑफ समोर ठेवून प्रत्येकाकडून विकल्प अर्जाचा कच्चा आराखडा करून घ्यावा. आमच्या विभागातल्या काही शिक्षकांनी मिळून हे शनिवारी सुरू केले आहे. त्याला खर्च जवळजवळ येत नाही. वर्गखोली, इंटरनेट असलेला एक संगणक आणि बसायला तयार असलेला माणूस एवढे पुरते.

पालकांना एक विनंती. यंदा तुमचे मूल बारावीत असेल तर पहिल्या पालकसभेत चाचणीचे गुण विचारून झाल्यावर प्राचार्यांना हेही विचारा, की जात पडताळणीचे पत्र कधी मिळेल आणि विकल्प अर्जाचे मार्गदर्शन कोण करणार आहे. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या सभेत दहा पालक मिळून तोच प्रश्न विचारा.